नावांची वाट

बसा. पाठ टेकावीशी वाटली तर टेका.

श्वास जसा चालला आहे तसा चालू द्या. त्याला वळण लावू नका.

मनात फक्त पाण्याचा आवाज येऊ द्या. मोठ्या पाण्याचा. दगडगोट्यांवरून धावत येणाऱ्या पाण्याचा.

तुम्ही एका संगमापाशी आहात, दरीच्या तळाला. एका अंगाला दार्जिलिंगचे डोंगर, दुसऱ्या अंगाला कालिम्पोंगचे. दोन नद्या दोन दिशांनी येतात आणि इथे भेटतात.

एकीचं नाव तिस्ता. दुसरीचं रंगीत.

बघा, दोन्ही पाण्यांचा रंग वेगळा आहे. मिसळण्याआधी थोडा वेळ ती शेजारी शेजारी चालतात. मध्ये एक रेघ दिसते. सरळ नाही, सारखी हलणारी.

त्या रेघेवर नजर ठेवा.

श्वास आत. श्वास बाहेर.

या डोंगरांत फार जुन्या काळापासून राहणारे लोक आहेत. जग त्यांना लेपचा म्हणतं. ते स्वतःला रोंग म्हणतात, आणि आपल्या भाषेला रोंगरिंग. तिस्ता त्यांची रोंगन्यू.

रोंगन्यू आणि रंगीत हे त्यांच्या गोष्टीतले प्रेमी. दोघांनी वरच्या बर्फातून निघायचं आणि इथे, खाली, भेटायचं ठरवलं. वाट दाखवायला तिने साप घेतला. त्याने पक्षी घेतला.

साप निघाला तो खाली खालीच जात राहिला. पक्षी मात्र दाणे टिपत, या झाडावरून त्या झाडावर भरकटत राहिला.

ती आधी पोचली.

तो उशिरा आला, तिला आधीच आलेली पाहून दुखावला आणि उलटा फिरला. पाणी तुंबलं, चढलं, डोंगर बुडू लागले. तेंदोंग नावाच्या डोंगराच्या माथ्यावर माणसं जीव वाचवून बसली. पुढे रुसवा गेला, पाणी उतरलं, दोघं एकत्र वाहू लागले. लग्नात या गोष्टीचं गाणं गातात. तेंदोंगची आठवण सिक्कीममध्ये दरवर्षी ८ ऑगस्टला केली जाते.

आता नकाशा आठवा. रंगीत खरंच खूप वळणं घेत येते.

नदीची चाल कुणीतरी किती वेळ बसून पाहिली असेल? किती पिढ्या?

तुम्हीही थोडा वेळ बसा.

थांबा.

आता उठायचं आहे, पण सावकाश. पाणी खाली येतंय. आपण वर जाणार आहोत, तिस्तेच्या काठाने, बर्फाच्या दिशेने.

वाटेत एक आकडा आहे. २०११ च्या जनगणनेत भारतात लेपचा ही मातृभाषा सांगणारे लोक ४७ हजारांच्या आसपास होते. त्याआधीच्या जनगणनेत ते ५० हजारांहून थोडे अधिक होते. याखेरीज काही लोक नेपाळच्या इलाममध्ये, काही भूतानच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात.

आकडा ऐका. मग तो काठावर ठेवून द्या. आकड्यापाशी बसून राहिलं की माणसं दिसेनाशी होतात, असं मला वाटतं.

चालत राहू.

दरी अरुंद होते. हवा ओली होते. उत्तर सिक्कीममध्ये मंगनच्या पलीकडे तिस्ता ओलांडली की झोंगू लागतं. ही भूमी लेपचांसाठी राखीव आहे. बाहेरच्या माणसाला इथे जमीन घेता येत नाही, आणि आत जायलाही परवाना लागतो.

परवाना तुमच्या खिशात आहे असं समजा. हलक्या पावलांनी आत या.

किती हिरवं आहे, बघा. दगडावर शेवाळ. शेवाळावर नेचे. झाडाच्या खोडावर ऑर्किडं. कुठे ना कुठे धबधबा पडतोच आहे. तो दिसत नसला तरी ऐकू येतो.

इथे खाली वाका.

हो, अगदी जमिनीपर्यंत. उत्तीसाच्या झाडांच्या सावलीत मोठ्या वेलचीचे गड्डे उभे आहेत. पानं माणसाच्या डोक्याएवढी उंच गेली आहेत. फुलं मात्र वर शोधू नका. ती बुंध्याशी आहेत, मातीला चिकटून. पिवळसर, ओलसर, दाटीने आलेली.

एक जाडजूड भुंगा आला. फुलात शिरला. बाहेर आला, अंगभर पिवळी पूड घेऊन.

काही महिन्यांनी इथेच लालसर तपकिरी बोंडं धरतील. ती काढून लाकडाच्या भट्टीवर, धुरात वाळवतील. आपल्या काळ्या मसाल्यात जी मसाला वेलची पडते तिला तो धुराचा वास असाच आलेला असतो. भारतात ही वेलची सर्वांत जास्त सिक्कीममध्येच होते. तुमच्या डब्यातलं एखादं बोंड याच उतारावरून आलेलं असू शकेल.

तो वास आठवा. कापरासारखा, धुरकट.

श्वास आत. तो तिथेच जरा राहू द्या. श्वास बाहेर.

या रानातल्या प्रत्येक गोष्टीला रोंगरिंगमध्ये नाव आहे. खाण्याच्या पानाला, विषाच्या पानाला, दोर वळायच्या वेलीला. बाहेरून आलेले जाणकार याच नावांनी आधी थक्क झाले. जॉर्ज मेनवारिंग या इंग्रज अधिकाऱ्याने १८७६ मध्ये लेपचा व्याकरण छापलं. त्याने जमवलेला शब्दकोश १८९८ मध्ये, तो गेल्यानंतर, जर्मनीत आल्बर्ट ग्रुनवेडेल याने पुरा करून छापला.

कोश कपाटात राहतो. आपण इथे, पानांत राहू.

एक पान हातात घ्या. त्याची शीर अंगठ्याने चाचपा.

याला तुम्ही काय म्हणता?

नाव आलं नाही तरी राहू द्या. नाव येत नाही तेव्हा मनात जी जागा रिकामी राहते, तिच्याकडेच बघा. ती किती मोठी आहे? तिला काही आवाज आहे का?

थोडं थांबा.

पुढे एक घर आहे. लाकडाचं, जुन्या पद्धतीचं, जमिनीपासून उचललेलं. खांब मातीत पुरलेले नाहीत. ते सपाट दगडांवर नुसते टेकले आहेत. जोडांत खिळा नाही. भूकंप आला की घर हलतं, आणि परत आपल्या दगडांवर स्थिर होतं.

ओसरीवर बसा. कुणी घाई करत नाही.

तुमच्यापुढे बांबूचा तोंगबा येतो. आत आंबवलेली नाचणी. हो, आपलीच नाचणी, तेच बारीक लाल दाणे. वरून कढत पाणी ओततात आणि जरा मुरू देतात. बांबूची बारीक नळी आत बुडवलेली असते. तळाशी तिला चीर असते, म्हणजे दाणे खाली राहतात आणि रस वर येतो.

याला ची म्हणतात. देवांना वाहतात तीही चीच.

नळी ओठांना लावा. पहिला घोट कोमट, आंबटगोड. घाईने ओढलं तर काही येत नाही.

रस कमी झाला की पुन्हा पाणी ओततात. मग पुन्हा थांबायचं. त्याच दाण्यांतून चव निघत राहते, दर वेळी थोडी सौम्य.

या घरात आजी आजोबांशी जे बोलते ते ऐका. अर्थ लागणार नाही. लागायला हवा असंही नाही. फक्त चढउतार ऐका, शब्दाच्या शेवटी आवाज कुठे अडतो ते ऐका.

आता नातवाशी बोलताना तिची भाषा बदलली. ती नेपाळीत आली.

हे इथे रोज होतं. बाजार नेपाळीत चालतो, गाडीचा ड्रायव्हर नेपाळीत बोलतो, मित्र नेपाळीत हाक मारतात, शाळा इंग्रजीत शिकवते. कुणी कुणावर रागावलेलं नाही. एकाच घोटात दोन भाषा येतात आणि त्यांतली एक दर वर्षी थोडी कमी येते. हे बघून माझ्या घशाशी काहीतरी अडतं. तुमच्याही अडलं तर अडू द्या. ते गिळून टाकायची गरज नाही.

श्वास आत. श्वास बाहेर.

बाहेर पक्षी बोलतोय.

ऐका.

लेपचा सांगतात की कांचनजंगेच्या पोटाशी मायेल नावाचं एक लपलेलं गाव आहे. तिथे सात अमर जोडपी राहतात. ती सकाळी बाळं असतात, दुपारी तरणी होतात, संध्याकाळी म्हातारी. दुसऱ्या सकाळी पुन्हा बाळं. पहिलं धान्य माणसाला तिथूनच मिळालं. आणि ऋतू पालटला की तिथूनच पक्षी येतात, पेरायची वेळ झाली हे सांगायला.

आपल्याकडे पावशा ‘पेरते व्हा’ म्हणतो, तसंच हे. शेतकरी कान देतो, आणि औताकडे वळतो.

मायेलची वाट आता कुणाला सापडत नाही, असं म्हणतात. पक्षी मात्र येतात.

त्या आवाजापाशी राहा. तो थांबला की मागे जी शांतता उरते तिच्यापाशीही राहा.

आत, माळ्यावर, कापडात गुंडाळलेली एखादी पोथी असते. हाताने लिहिलेली, कडा काळवंडलेली. लेपचांची स्वतःची लिपी आहे. एक परंपरा ती थिकुंग मेनसालोंग या लेपचा विद्वानाची म्हणते. दुसरी परंपरा ती अठराव्या शतकाच्या आरंभीचा सिक्कीमचा छोग्याल, म्हणजे राजा, चाकदोर नामग्याल याच्या नावावर लावते.

एक अक्षर बघा. फक्त एक.

शब्दाच्या शेवटी जे व्यंजन येतं ते ओळीत पुढे लिहीत नाहीत. ते छोटी खूण होऊन अक्षराच्या डोक्यावर बसतं. टिंब, रेघ, बारीकसा बाक.

बोटाने हवेत काढून पाहा. आधी अक्षर. मग वर हलकी खूण. तिथे आवाज मिटतो.

पुन्हा एकदा काढा. सावकाश.

अशा पोथ्यांचा सर्वांत मोठा संग्रह हॉलंडमध्ये, लायडनला आहे. योहान व्हान मानेन याने तो जमवला होता. त्या तिथे नीट जपल्या आहेत, याचं मला बरं वाटतं. आणि त्या इथल्या माळ्यांवर नाहीत, याची हुरहुरही वाटते. दोन्ही असू द्या.

आता मनाला जरा सावरून बसा. इथून पुढची वाट गेलेल्या माणसाची आहे.

लेपचांचं पहिलं जोडपं, फोदोंगथिंग आणि नाझोंगन्यू, कांचनजंगेच्या कोऱ्या बर्फातून घडलं. म्हणून माणूस गेला की तो परत तिकडेच जातो. पण एकट्याने जायची ती वाट नाही. त्याला पोचवायला मुन लागते.

मुन म्हणजे देवांशी आणि गेलेल्यांशी बोलणारी. बहुतेक वेळा बाईच. पुरुष असतो तो बोंगथिंग.

प्रत्येक कुळाचं स्वतःचं एक शिखर आहे. स्वतःचं एक सरोवर. आत शिरायचं स्वतःचं एक दार, डोंगरातली गुहा. दोन शेजाऱ्यांची कुळं वेगळी असतील तर त्यांची शेवटची वाटही वेगळी.

रात्र आहे. घरात माणसं दाटीने बसली आहेत. मुनच्या पुढे ची आहे. ती गेलेल्याशी बोलायला लागते, त्याच्या भाषेत.

ती त्याला उंबऱ्याबाहेर आणते. मग एक नाव घेते.

ते एका जागेचं नाव आहे. घराखालच्या ओढ्याचं.

थांबते. मग पुढचं नाव. वळणावरच्या खडकाचं.

मग पुढचं.

तुम्हीही तिच्यामागून चला. नावं कळली नाहीत तरी चालेल. प्रत्येक नावाबरोबर एक पाऊल टाका, मनातल्या मनात.

एक नाव. एक पाऊल.

खाली नदी आहे. तिचा आवाज उजवीकडून येतो, मग लांब जातो, मग पुन्हा जवळ येतो.

एक नाव. एक पाऊल.

झाडं बुटकी होतात. हवा विरळ होते. हातापायांना गारठा जाणवतो.

एक नाव.

ती मध्येच अडली तर? एखाद्या ओढ्याचं नाव तिला आठवलं नाही तर?

इथेच उभे राहा. गेलेला माणूस तिच्यामागे उभा आहे. तो वाट बघतो आहे.

या जागेवर मी नेहमी सर्वांत जास्त वेळ थांबते. तुम्हीही थांबा. उत्तर शोधू नका. फक्त त्याच्या शेजारी उभे राहा.

श्वास आत.

श्वास बाहेर.

अशा मुन झोंगूमध्ये आता थोड्या उरल्या आहेत, आणि ज्या आहेत त्या म्हाताऱ्या.

ही वाट नद्यांच्या काठाने जाते. म्हणून या नद्यांवर धरणं बांधायची ठरली तेव्हा झोंगूतली तरुण मुलं २००७ मध्ये गंगटोकला बेमुदत उपोषणाला बसली. अंगात ताकद कमी कमी होत गेली, तरी बसून राहिली. झोंगूतले काही प्रकल्प त्यानंतर रद्द झाले. लढा संपलेला नाही. पाणी अडवलं, बोगद्यात घातलं, तर आमची गेलेली माणसं कुठून जातील, असं विचारणारी ही मुलं मला डोळ्यांपुढे दिसतात. त्यांच्यातल्या किती जणांना वाटेवरची सगळी नावं येत असतील? तरी ती उपाशी बसली.

आणि नदी स्वतःही उसळली. ३ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री वर, दक्षिण ल्होनक सरोवराचा बांध फुटला. चुंगथांगचं मोठं धरण गेलं. मंगनहून झोंगूला जोडणारा संकलंगचा पूल गेला. खाली तिस्ताबाजारपर्यंत घरं गेली, माणसं गेली.

त्यांच्यासाठी क्षणभर काही न बोलता बसू.

आता वर बघा.

ढग सरकतात. पहाटेचा उजेड आधी फक्त माथ्यावर येतो. फिका गुलाबी, मग सोनेरी. कांचनजंगा. ८,५८६ मीटर. लेपचांचं कोंगचेन.

१९५५ मध्ये जॉर्ज बँड आणि जो ब्राउन हे दोघं तिथे प्रथम पोचले. सिक्कीमच्या राजाला दिलेल्या शब्दाप्रमाणे ते माथ्याच्या काही फूट खाली थांबले. अगदी वरच्या बर्फावर पाय ठेवला नाही. पुढे वर गेलेल्या अनेकांनीही तो मान राखला.

ते काही फूट बघा. पाय पुढे टाकता येत होता. टाकला नाही.

तुमच्याही मनातलं पाऊल तिथेच थांबवा.

थोडा वेळ असेच राहा.

आता खाली उतरू. उतरताना गुडघ्यांना सांभाळा. आणि कान उघडे ठेवा, कारण खालून आवाज येतोय.

एक तार छेडली जाते आहे. तुंगबुक, तीन तारांचं लाकडी वाद्य. कालिम्पोंगचे सोनम त्सेरिंग लेपचा गावोगाव फिरून अशी गाणी आणि वाद्यं गोळा करत राहिले. त्यांना २००७ मध्ये पद्मश्री मिळाली. २०२० मध्ये ते गेले. त्यांच्याकडे शिकलेले हात आज तार छेडतात.

तार थरथरते. आवाज विरेपर्यंत ऐका.

मग दुसरा आवाज. मुलांचा. बरीच मुलं एकदम काहीतरी म्हणताहेत.

सिक्कीममध्ये १९७७ पासून लेपचा ही राजभाषांपैकी एक आहे. शाळेत ती विषय म्हणून घेता येते. २००८ मध्ये तिची अक्षरं युनिकोडमध्ये आली, म्हणजे फोनवरही लिहिता येतात. दार्जिलिंग-कालिम्पोंगच्या बाजूला समाजातल्याच लोकांनी रात्रशाळा काढल्या. दिवसभराचं काम आटोपून कुणीतरी येतं, दिवा लावतं, फळ्यावर अक्षर काढतं.

अशा एका खोलीत मागच्या बाजूला बसा. चटई आहे. खडूचा वास आहे. पुढचा मुलगा पेंगतोय.

गुरुजी अक्षर काढतात. मुलं म्हणतात. गुरुजी वर खूण देतात. मुलं पुन्हा म्हणतात, आता आवाज शेवटी मिटतो.

चुकलेलं कुणीतरी हसतं.

तुम्हीही ओठ हलवा. आवाज न करता म्हणा.

पेंगणारा मुलगा जागा झाला. येताना त्याने वाटेवरून एक पान आणलंय, जरा चुरगळलेलं. ते वर धरून तो विचारतो, याला काय म्हणायचं?

गुरुजी पान हातात घेतात. उलटं करतात. वास घेतात. त्यांना नेपाळीतलं नाव येतं. रोंगरिंगमधलं येत नाही. ते तसं मुलांना सांगतात.

खोली क्षणभर गप्प.

मग मागून एक मुलगी म्हणते, खालच्या घरातल्या आजीला माहीत असेल.

झोपली असेल ती, दुसरी म्हणते.

नसेल, अजून चूल पेटलेली दिसते.

पान मुठीत धरून मुलगा दारापर्यंत पोचलासुद्धा. बाकीची चपला शोधताहेत, एकमेकांच्या पायात घालताहेत. गुरुजी टॉर्च घेऊन त्यांच्यामागे निघतात आणि ओरडून सांगतात, ती जे नाव सांगेल ते दोनदा विचारा, आणि वही न्या.